पाणकणीस, लव्हाळा, जलपर्णी: बुट्ट्यांसाठी कापणी आणि वाळवणी (बेळगाव-खानापूर-निपाणी पट्टा)

मार्कंडेय_काठ

बांबूच्या सुपा-बुट्ट्यांवर इथे चर्चेचे बरेच धागे आहेत, तळ्यातल्या गवतांवर एकही नाही. म्हणून हा नवा काढतोय.

निमित्त असं: बेळगाव तालुक्यातल्या एका बचत गटाने गावतळ्यातलं पाणकणीस (कुणी रामबाण म्हणतं, कन्नड बोलणारे जोंडु) कापून वाळवलंय. माल समोर आहे. कापणी ऑगस्टअखेर, वाळवणी पत्र्याच्या शेडमध्ये सिमेंटच्या कोब्यावर. दोष तीन दिसतात. पानं बुडाकडे एकमेकांना चिकटून काळी पडलीत. काही पानं दुमडली की तडकतात. आणि विणलेली बुट्टी पंधरवड्यात ढिली पडते, दोन ओळींच्या मधून बोट जातं. गटातल्या बायकांचा हात चांगला आहे, बांबूकाम त्या नीट करतात, तेव्हा विणीला दोष द्यावासा वाटत नाही. जाणकारांनी सांगा.

दुरडी_सूप

विणीचा दोष नाहीच. तिन्ही तक्रारी कापणी-वाळवणीच्या आहेत.

ऑगस्टमध्ये पाणकणसाचं पान वाढत असतं. आतली जाळी पाण्याने भरलेली आणि पान कोवळं, त्यामुळे वाळताना ते रुंदीला फार आकसतं. आपल्याकडे कापायचा काळ म्हणजे परतीचा पाऊस संपल्यावर, दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत. खूण शेंड्याची बघायची. शेंडा वीतभर पिवळा पडलेला आणि खालचं सगळं पान हिरवं असेल तर पान तयार. फेब्रुवारी-मार्चपर्यंत थांबलात तर पान झाडावरच तपकिरी होतं. तसलं पान भिजवूनही लवचिक होत नाही, दुमडलं की तुटतं.

कणीस धरलेला फुटवा घ्यायचा नाही. त्याच्या मधोमध कडक दांडा असतो, पानं त्याला घट्ट लपेटलेली असतात आणि ओढून काढताना फाटतात. बिनकणसाचा फुटवा पंख्यासारखा उलगडतो. पाच ते सात फुटांचं पान बुट्टीला पुरेसं. त्याहून लांब मिळालं तर चटईला ठेवा.

कुठे कापायचं हेही सांगते. पाण्याच्या पातळीच्या वर किमान वीतभर बुंधा राहिला पाहिजे. पाणकणसाचा कंद चिखलात असतो आणि त्याला हवा पोचते ती पानांतून नाहीतर उभ्या बुंध्यातून. बुंधा पाण्याखाली गेला की कंद गुदमरतो आणि कुजतो. पुढच्या वर्षी तिथे काही येत नाही.

आता काळं पडण्याचं. फुटवा काठावर आणला की तिथेच पान न् पान सुटं करायचं. बुडाशी पानांच्या मध्ये शेवाळासारखा बुळबुळीत चीक असतो. तो ओल्या गोणपाटाने पुसायचा आणि पान स्वच्छ पाण्यात एकदा खळबळून काढायचं. फुटवा अख्खा वाळवला तर हा चीक आत अडकतो, पानं चिकटतात आणि बुरशी तिथूनच सुरू होते. बुडाकडचा पांढरा जाड भाग, साधारण वीतभर, कापून टाका. तो बाकीच्या पानाबरोबर कधीच वाळत नाही.

खानापूर_रान

अक्कांनी कापणीचं सांगितलं, मी वाळवणीचं सांगतो.

कोबा आणि पत्रा, दोन्ही वाईट. कोब्यावर खालून वारा नाही, पान घाम सोडतं आणि त्याच ओलीत पडून राहतं. पत्रा रात्री गार पडतो, खालच्या बाजूला दव धरतो आणि पहाटे ते थेंब मालावर पडतात. थंडीत हे रोज घडतं.

माच बांधा. चार मेढी, वर बांबूच्या कामट्या चार-चार बोटांवर, जमिनीपासून अडीच-तीन फूट उंच. त्यावर पानं एकाच दिशेने, थर दोन बोटांपेक्षा जाड नको. रोज एकदा उलटायची. तीन दिवसांनी बुडं आणि शेंडे अदलाबदल करायचे, कारण वारा एका बाजूने लागतो. सूर्य मावळायच्या आत गोणपाट टाकायचं. प्लास्टिक नको, त्याखाली पुन्हा घाम.

नोव्हेंबर-डिसेंबरात बेळगावच्या पूर्वेला हे काम ८ ते १२ दिवसांत होतं. खानापूरकडे, विशेषतः जंगलाच्या कडेला, १५ दिवस धरा. धुकं उशिरा उठतं.

पान वाळलं की नाही हे हाताला लागून कळत नाही. वरून करकरीत लागतं आणि बुडाच्या जाळीत ओल असते. खात्रीचा उपाय म्हणजे ताणकाटा. एक पेंढी खूण करून ठेवा आणि रोज त्याच वेळी तोला. लागोपाठ दोन दिवस वजन उतरलं नाही, म्हणजे वाळलं. १० किलो हिरव्या पानांचं वाळून २ ते अडीच किलो उरतं. ३ किलोच्या वर काटा अडकला असेल तर आत पाणी आहे असं समजा.

अथणी_कोरडवाहू

१२ दिवस? अथणी-रायबागकडे डिसेंबरच्या उन्हात ५ दिवसांत माल तयार होतो. सरळ उन्हात टाका की. रंगही गव्हाळ येतो, गिऱ्हाईकाला तोच आवडतो.

खानापूर_रान

रंग येतो, कबूल. पण सुरुवातीपासून कडक ऊन दिलं तर पानाची वरची साल आधी सुकते, आतली ओल मागे राहते आणि पान लांबीत चिरतं. मार्कंडेय दादांच्या मालात झाडावरच तपकिरी झालेली जुनी पानं मिसळली असतील, तर तीही तडकणारच. तुमच्याकडे वारा कोरडा असल्यामुळे निभावतं. आमच्याकडे तेच केलं तर पान बाहेरून पापड आणि आतून ओलं.

मधला मार्ग असा: पहिला दिवस ऊन, फक्त धुतल्याचं पाणी उडेपर्यंत. मग सावलीत, पण वाऱ्याला. हिरवट खाकी रंग हवा असेल तर शेवटपर्यंत सावली. गव्हाळ हवा असेल तर पूर्ण वाळल्यावर दोन दिवस उन्हात काढा. तेव्हा आत पाणी नसतं, त्यामुळे चिरत नाही.

अथणी_कोरडवाहू

हे शेवटचं पटलं. वाळल्यावर ऊन.

वेखंड_पान

नवख्यांसाठी एक सावधगिरी. ओढ्याकाठी वेखंडही असतं आणि लांबून पान सारखंच दिसतं. पान चुरगाळून वास घ्या. वेखंडाला उग्र वास येतो आणि पानाच्या मधोमध शीर उठून दिसते. पाणकणसाला वास नाही, मधली शीर नाही, आणि आडवं कापलं तर आत हवेचे कप्पे दिसतात. वेखंडाच्या पानाची बुट्टी होत नाही, आणि औषधी झाड उगाच तोडू नये. नळ (ज्याच्या बोरूच्या लेखण्या करत) वेगळा. त्याला पेरं असतात. पानं धारदार, विणायला निरुपयोगी. दांड्याच्या कामट्या फार तर बुट्टीच्या उभ्या काड्यांना चालतील.

काठ_बांधणी

ढिली पडणाऱ्या बुट्टीबद्दल कुणी बोललं नाही अजून.

ओलं असताना पान फुगतं, वाळलं की बसतं. जेवढं जास्त फुगवून विणाल तेवढ्या फटी. बांबूकाम करणाऱ्यांना कामट्या तासन्‌तास पाण्यात बुडवायची सवय असते, तीच सवय इथे नडते. पाणकणसाचं पान म्हणजे हवेच्या कप्प्यांचा स्पंज. हौदात टाकलं की फुगून दुप्पट होतं.

पद्धत अशी. उद्या विणायचं असेल तर आज संध्याकाळी लागेल तेवढीच पानं घ्या. पाण्यात ३ ते ५ मिनिटं बुडवा, निथळा, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. सहा ते आठ तासांत ओल आतपर्यंत जाते. एप्रिल-मेच्या उकाड्यात चार तास पुरेत, नाहीतर आंबूस वास सुटतो. सकाळी प्रत्येक पान बुडाकडून शेंड्याकडे, अंगठा आणि सुरीची पाठ यांच्यात दाबून ओढा. आतली हवा आणि पाणी फुस्स करून निघतं. पान चपटं, चामड्यासारखं झालं पाहिजे. वाकवताना आवाज आला तर अजून कोरडं आहे, दाबल्यावर पाणी टपकलं तर फार ओलं आहे.

एवढं करूनही थोडं आकसणारच. म्हणून काठ त्याच दिवशी बांधायचा नाही. विणून झालं की बुट्टी एक-दोन दिवस वाऱ्यावर ठेवा. मग ओळी वरून खाली दाबून बसवा. चार इंच उंचीच्या बुट्टीत सहज दोन-तीन ओळींची जागा निघते. त्या ओळी भरा, उभ्या काड्यांचे शेंडे भिजवून दुमडा आणि मग काठ. ही एक पायरी गाळली की पंधरवड्यात बोट जाणार.

भिजवलेलं पान उरलं तर पुन्हा वाळवा, फार तर एकदा वापरता येतं. आणखी एक रात्र ओलं ठेवलंत तर सकाळी टिपके दिसतील.

मार्कंडेय_काठ

बरोबर, हौदात टाकून ठेवतात. उभ्या काड्यांना पण पाणकणीसच वापरायचं का? आणि एका बुट्टीला माल किती धरायचा, हिशेब सांगा.

काठ_बांधणी

उभ्यांना दोन-दोन पानं एकत्र, जाड बुडं आळीपाळीने उलटसुलट, म्हणजे जाडी सारखी राहते. १० इंच तोंडाची, ४ इंच उंच बुट्टी म्हणजे वाळलेली पाव किलो ते साडेतीनशे ग्रॅम पानं. निवडताना काही टाकावी लागतात, त्यासाठी वर पाव हिस्सा जास्त धरा.

हिरण्यकेशी

आडव्या विणीला पाणकणसापेक्षा लव्हाळा बरा, असं माझं मत. संकेश्वर-हुक्केरी भागात कालव्याच्या कडेला आणि भाताच्या बांधांवर उंच लव्हाळा येतो, तिकोनी दांड्याचा, तीन-चार फूट. (शेतात तण म्हणून उपटतो तो बुटका नागरमोथा वेगळा, तो कामाचा नाही.)

तुरा उघडलेला पण बी अजून गळत नाही, अशा वेळी कापा. बी गळायला लागलं की दांडा पोकळ आणि ठिसूळ होतो. जाड दांडा त्याच दिवशी हिरवा असतानाच चिरायचा. सुरीने टोकाला चीर द्या आणि दोन्ही बाजू सारख्या ओढत न्या. एक बाजू जास्त ओढली तर चीर कडेला पळते आणि वादी मध्येच संपते. आतला पांढरा गर सुरीच्या पाठीने खरवडून काढा. उन्हात दोन-तीन दिवसांत वाळतो आणि वादी आतल्या बाजूने नळीसारखी वळते, तो दोष नव्हे. भिजवल्यावर उलगडते. दुसऱ्या दिवशी चिरायला बसलात तर मात्र हाल. साल कडक होते आणि तुटत राहते.

बारीक दांडे चिरू नका. अख्खे वाळवा आणि दोन-दोनांचा पीळ घालून दोरी वळा. काठ बांधायला सुतळीपेक्षा शोभते.

तमिळनाडूत पट्टमडईच्या चटईसाठी कोरई नावाचा असाच लव्हाळा चिरून वाळवतात, मग पुन्हा काही दिवस पाण्यात बुडवून फुगवतात आणि परत वाळवतात. तिथली रेशमासारखी वीण त्या खटाटोपावर उभी आहे. भाजीच्या बुट्टीला एवढं नको.

वेदगंगा_निपाणी

फुकट आणि ढिगाने मिळणारा माल सोडून सगळे पाणकणसामागे लागलेत. जलपर्णीचं काय? पंचगंगेत दरवर्षी मैलोन्‌मैल, इकडच्या तळ्यांतही आहेच. आसाम-बंगालात तिच्या देठांच्या पिशव्या, टोपल्या होतात. आणि ही कितीही कापली तरी कुणी अडवणार नाही, उलट हार घालतील.

देठ निवडणं महत्त्वाचं. मोकळ्या पाण्यात एकटी वाढलेली जलपर्णी बुटकी असते, देठ फुग्यासारखे फुगलेले. ते टाकाऊ. दाट गर्दीत वाढलेली बघा. तिथे उजेडासाठी देठ वर चढतात आणि दीड-दोन फुटांचे, सरळ, पेन्सिलीपेक्षा थोडे जाड होतात. पान आणि मूळ जागेवरच छाटा, फक्त देठ आणा.

पाणी मात्र अफाट असतं त्यात. १०० किलो हिरव्या देठांचे वाळून ५ ते ७ किलो. म्हणून वाहतुकीचा खर्च आधी बघा, शक्य तर काठावरच वाळवा. माचेवर एकेरी थर, कडक ऊन, रोज उलटणं, ७ ते १० दिवस. इथे सावली चालत नाही, अथणीवाल्यांचं ऊनच पाहिजे. दोन दिवस ढगाळ राहिलं तर देठ काळे पडतात आणि ते काळं पुन्हा जात नाही. म्हणून जानेवारी ते मार्च. एप्रिलमध्ये वळवाचा भरवसा नाही.

वाळलेला देठ एकेकटा विणू नका, चपटा होऊन तुटतो. तीन-तीनची वेणी घाला, नवे देठ वेगवेगळ्या ठिकाणी जोडत जा, म्हणजे गाठ एकाच जागी येत नाही. मग ती वेणी तारेच्या किंवा कामट्यांच्या सांगाड्यावर विणा. आधाराशिवाय जलपर्णीची बुट्टी उभी राहत नाही, हे मान्य.

येळ्ळूर_बासमती

बळ्ळारी नाल्यातली घेऊन जा की, आमचं भाताचं शिवार तरी मोकळं होईल. दर पावसाळ्यात त्या जलपर्णीने आणि गाळाने पाणी तुंबतं आणि वडगाव-शहापूर-येळ्ळूर शिवारातलं पीक पाण्याखाली जातं.

दुरडी_सूप

नाल्यातली नको वो. शहराचं सांडपाणी वाहतं त्यात. जलपर्णी पाण्यातले जड धातू शोषून घेते, मुळांत सर्वांत जास्त, पण देठातही येतात. कापणारा त्या पाण्यात उभा राहणार ते वेगळंच. आणि तो वास वाळल्यावरही राहतो, पावसाळ्यात बुट्टी दमट झाली की पुन्हा येतो. शेतकऱ्यांसाठी नाला साफ करणं हे प्रशासनाचं काम, विणकामाच्या मालाचं गणित त्यात घालू नका. गावतळं, खाण, धरणाच्या मागचं साठवण पाणी, एवढंच घ्या.

वेदगंगा_निपाणी

धुऊन, गंधकाची धुरी दिली की वास, बुरशी दोन्ही जातात. रंगही उजळतो. बाहेरच्या राज्यांत सर्रास करतात.

काठ_बांधणी

सर्रास करतात म्हणून घरात करायची नाही. गंधक जळला की निघणारा धूर फुफ्फुसं जाळतो, दमेकऱ्याला तर जागेवर अटॅक येऊ शकतो. बचत गट म्हणजे घराच्या पडवीत चालणारं काम, शेजारी लहान पोरं. बुरशी मुळात वाळवणी नीट झाली तर येतच नाही. आणि धातू काही धुरीने जात नाहीत.

वेदगंगा_निपाणी

पडवीत नाहीच म्हणत मी, बंद पेटीत, वस्तीपासून लांब. पण ठीक आहे, नवख्यांनी करू नये हे बरोबर.

आणखी एक, जलपर्णी छाटल्यावर मुळं-पानं पाण्यात परत टाकू नका आणि दुसऱ्या तळ्याच्या काठावर नेऊन वाळवू नका. फुटव्यासकट एक तुकडा पाण्यात पडला की नवं झाड. बी तर चिखलात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतं. छाटलेला पाला काठापासून दूर खड्ड्यात कुजवा, खत चांगलं होतं.

टिबुकली

ऑगस्टमधल्या कापणीला अजून एक हरकत. पाणकणसाच्या दाटीत जांभळी पाणकोंबडी, टिबुकली, वारकरी ही मंडळी जून ते सप्टेंबर घरटी करतात. टिबुकलीचं घरटं तर तरंगतं असतं, पाणकणसाच्या बुंध्यांना अडकवलेलं. बुंधा कापला की घरटं वाहून जातं. दिवाळीनंतर कापाल तर हा प्रश्न राहत नाही. तरी पूर्ण बेट साफ करू नका. पट्ट्या पाडा, एक पट्टा कापा, एक ठेवा. पुढच्या वर्षी अदलाबदल.

येळ्ळूर_बासमती

परवानगीचं कुणी बोलेल का? आमच्याकडे तळं पंचायतीचं, मासे ठेकेदाराचे, आणि पाणी शेतकऱ्यांचं. कापायला गेलं की तिघंही येतात.

खानापूर_रान

तिघांशी आधीच बोलायचं.

ग्रामपंचायतीच्या तळ्यासाठी पीडीओंकडे (पंचायत विकास अधिकारी) लेखी अर्ज, कन्नडमध्ये, काय कापणार, कुठला काठ, कुठल्या महिन्यात, एवढं लिहून. तळं लघुपाटबंधारे खात्याचं असेल तर तिकडे. मासेमारीचा ठेका गेलेला असतो, त्यामुळे ठेकेदाराला विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालू नका. त्याच्याशी सौदा सोपा आहे. त्याला जाळं टाकायला जिथे मोकळं पाणी हवं, तिथे पाणकणीस पाण्याखाली कापून द्या, वाढीच्या दिवसांत दोन-तीनदा तसं कापलं की ते परत येत नाही. तुम्हाला दरवर्षी माल हवा त्या काठावर पाण्याच्या वर कापा. दोघांचंही भागतं.

खानापुरातलं वनखात्याचं क्षेत्र मात्र सोडा. भीमगड अभयारण्यात गवताची काडीसुद्धा उचलायची नाही, आणि बाहेरच्या राखीव जंगलातही वनखात्याच्या परवानगीशिवाय नाही. ओढा दिसतो म्हणून तो मोकळा असतो असं नव्हे.

अथणी_कोरडवाहू

पाण्यात उतरणाऱ्यांसाठी. एकटं जाऊ नये. लांब काठीने पुढचा तळ चाचपत जायचं. चिखल गुडघ्याच्या वर असेल तर गमबूट घालू नका, त्यात चिखल भरतो आणि पाय निघत नाही. जुने बूट, घट्ट बांधलेले. पूर्ण बाह्यांचा सदरा, कारण पानांच्या कडा कापतात. पायाला जखम असेल तर उतरूच नका. उंदीर-घुशींच्या मुताने लेप्टो होतो, पाण्यात काम केल्यानंतर ताप आला तर डॉक्टरांना पाण्यातल्या कामाचं आवर्जून सांगा. बांधावर घोणस, पाण्यात विरोळा. विरोळा बिनविषारी, उगाच मारू नका. आणि कृष्णाकाठी मगरी आहेत, तिथल्या बेटांत कापणीला जायचंच नाही.

मार्कंडेय_काठ

उपयोगी आहे सगळं. साठवणुकीचं राहिलं. आता कापलेला माल पुढच्या पावसाळ्यात वापरायचा म्हटलं तर?

दुरडी_सूप

हातात मावेल एवढी पेंढी, बुडाकडे सैल बांधायची. घट्ट बांधली तर मधली पानं दबून दुमडीच्या खुणा पडतात आणि भिजवल्यावर तिथेच तुटतात. बुडं वर करून माळ्यावर टांगायची, भिंतीला चिकटवून नाही. चुलीच्या धुराचा माळा असेल तर कीड लागत नाही, पण रंग काळसर होतो. उजळ माल हवा असेल तर गोणपाटात गुंडाळून, मध्ये कडुनिंबाचा पाला. प्लास्टिकची पोती नकोत.

निपाणीकडच्यांनी तंबाखूच्या वखारीत ठेवू नये. कीड लागणार नाही हे खरं, पण वास असा बसतो की फुलांच्या परडीलाही तंबाखू येतो.

खरी परीक्षा मृगाला. जूनच्या आधी सगळा माल एकदा दिवसभर उन्हात काढायचा, संध्याकाळी गार होऊ द्यायचा आणि मगच बांधायचा. गरम गरम गुंडाळला तर आत घाम धरतो. खानापूर बाजूला जुलै-ऑगस्टमध्ये हवाच ओली, तिथे झाकणाचा कोरडा पिंप बरा, पण माल काट्याच्या परीक्षेत उतरलेला असला तरच. उंदरांपासून जपा, त्यांना ही पानं घरट्यासाठी फार आवडतात.

पिकलेली कणसं शोभेला म्हणून घरात आणाल तर एक दिवस फुटतील आणि कापूस सगळ्या मालात अडकेल. तो वेचण्यात दिवस जातो.

हिरण्यकेशी

तयार बुट्टीवर पावसाळ्यात पांढरी बुरशी आली तर ओल्या फडक्याने पुसू नका, पसरते. कोरड्या ब्रशने बाहेर अंगणात झाडा आणि उघडीप मिळेल तेव्हा ऊन द्या. वार्निश मारायचं असेल तर ते फेब्रुवारीत, पूर्ण कोरड्या बुट्टीवर. दमट बुट्टीवर मारलं की ओल आत कोंडते.

येळ्ळूर_बासमती

भाकरीच्या बुट्टीला पाणकणीस चालेल का?

दुरडी_सूप

गरम भाकरीची वाफ रोज बसणार. पान ती पिऊन घेतं, महिन्याभरात बूड काळं. खाली जाड कापड घालणार असाल तर चालवा, नाहीतर भाकरीला बांबूचीच. पाणकणसाची फुलांना, कपड्यांना, कांदा-लसणाला. ओली भाजीही नको.

मार्कंडेय_काठ

काठाला काय घालू? गटाकडे माणगा बांबूच्या कामट्या आहेत.

काठ_बांधणी

माणगा उत्तम, वाकतो पण मोडत नाही. पावसाळ्यानंतर तोडलेल्या, किमान तीन वर्षांच्या काठीच्या कामट्या असाव्यात. कोवळ्या काठीत पिठूळपणा जास्त, भुंगा लागतो आणि मग बुट्टीखाली पिवळी भुकटी पडायला लागते. अर्धा इंच रुंद दोन कामट्या, एक आतून, एक बाहेरून, साल बाहेरच्या बाजूला. टोकं तीन इंच एकावर एक, आणि आतला जोड बाहेरच्या जोडाच्या बरोबर समोर नको, पाव फेरा सरकवून. लव्हाळ्याच्या दोरीने दोन-दोन बोटांवर दाभणाने टाका. दोरी ओली करून ओढा, वाळली की आवळते. पहिला टाका जोडापासून सुरू करा, नाहीतर शेवटी तिथे फुगीर राहतं.

मार्कंडेय_काठ

ठीक. ऑगस्टचा माल फेकून न देता त्याच्या दोऱ्या वळायला सांगतो, पीळ घातल्यावर आकसल्याचं तेवढं नडणार नाही. काळी बुडं छाटून. नवी कापणी कार्तिकी एकादशीनंतर लावतो, पीडीओंकडे अर्ज या आठवड्यात देतो. लघुपाटबंधारे खात्याच्या तळ्यासाठी कुणी अर्ज केला असेल तर कन्नड नमुना इथे टाका.

खानापूर_रान

उद्या टाकतो. त्यात सर्व्हे नंबर लागतो, पंचायतीतून आधी काढून ठेवा.